फिटिंग शॉप, बॅच सी-थ्री

सप्टेंबर आहे. उन्हाळा संपला, हे
आमच्या पत्र्याच्या शेडला अजून कुणी कळवलेलं नाही.
वीस व्हाइस, वीस पोरं, वीस निळे अॅप्रन,
घड्या न मोडलेले.
कानस कशी धरायची ते मी बावीस वर्षं सांगतो आहे :
पुढे जाताना जोर, मागे येताना मोकळी.
उलटं केलंत तर लोखंड नाही, कानसच झिजते.

हे वाक्य हल्ली जरा हळू म्हणतो.
पहिल्या वर्षाची पोरं मागे येतानाच जोर लावतात :
बारावीचे मार्क, बापाने भरलेली फी,
गावच्या चौकात लागलेला फ्लेक्स,
फोटो ह्याचा, खाली शुभेच्छुक पन्नास.

पूर्वी जॉब ज्याचा त्याचा असायचा.
आपली खाच आपण कापायची, आपली जीभ आपण घासायची,
कशीबशी बसवायची, जर्नलवर सही.
एका वर्षी एक पोरगा दिवाळीला गेला तो आलाच नाही.
जानेवारीपर्यंत त्याचा व्हाइस मिटलेला, आत तुकडा तसाच.
शेजारच्या बाकावर विचारलं.
तो म्हणाला, कोण, सर?

त्यानंतर मी जॉब बदलला. परवानगी मागितली नाही.
खाच एकाने कापायची, जीभ दुसऱ्याने.
जोड्या मी लावतो.

यंदा तृणाली कोहाड, गोळीबार चौक,
ती बोलायला लागली की सगळ्यांच्या करवती थांबतात.
आणि चेतराम उसेंडी, कोरचीचा,
याचं 'यस सर' ओठ हलतात म्हणून कळतं.
पहिले तीन आठवडे त्यांचं बोलणं एवढंच :
"किती झालं?"
"घासून राह्यलो."

मग युनिट टेस्टचे मार्क बोर्डावर लागले.
बुधवारी चेतराम नव्हता. पुढच्या बुधवारीही नव्हता.
तृणाली समोर उभी, हातात चकचकीत जीभ.
"सर, माहं तर झालं. याची खाचच नाही, बसवू कशात?"
मी म्हणालो, ते मला नको विचारू.

पुढचं मला वॉचमन शेंदरेभाऊंनी सांगितलं.
मुलांच्या होस्टेलच्या फाटकाशी एक पोरगी,
मुठीत लोखंड. त्यांना वाटलं, भांडण.
आत जाता येत नाही, म्हणून ती तिथूनच ओरडली :
"ए उसेंडी! काऊन बे, माहं काम अडकवून बसला?"
गॅलरीत बारा डोकी आली. तेरावं त्याचं.
बॅग भरलेली होती म्हणे, रात्रीच्या गाडीसाठी.
शेंदरेभाऊंना ऐकू गेलं ते इतकंच, की
मॅथ्समध्ये ह्याला नऊ आणि तिला सात,
आणि सात सांगताना ती हसत होती.
मग दोघं टपरीवर गेले, तर्री-पोहे खायला.
तर्रीनं नाक वाहतं, डोळ्यांत पाणी येतं;
कुणी काही विचारत नाही.

आता शनिवारी मी शेड उघडी ठेवतो.
बाकांवर वह्या. कधी सहा जण, कधी दोन.
थर्ड इयरची लिल्हारे येते,
तिचा एम-वन दोनदा राहिला होता,
म्हणून नेमकं कुठे अडतं ते तिला पाठ आहे.
चेतराम शीटवर रेघ मारतो तेव्हा
बाकीचे मान वाकडी करून बघतात.

जोड बसला. नीट नाही.
उजेडासमोर धरला तर डाव्या कोपऱ्यात केसाएवढी फट,
तिच्यातून दारातलं ऊन येतं.
दोन मार्क जातात. मी कापले, एकेक दोघांचा.
"सर, माह्याकडून जास्त घासल्या गेलं,"
चेतराम म्हणाला. मला ऐकू आलं, चार बाकांवरून.
"तुह्याकडून नाही बे, माह्याकडून," ती म्हणाली.
वाद चालूच होता.
मी पुढे गेलो, खिडकीजवळच्या बाकाशी.
तिथला व्हाइस आज मिटलेला दिसत होता.